काळं म्हणजे गप्प

यादगिरी, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही. एवढंच सांगणार आहे की अकरा वर्षं मला तुमचा हेवा वाटला, आणि तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले तरी तो गेलेला नाही. माणूस गेला की मनातलं सगळं त्याच्याबरोबर जातं, असं मी लोकांच्या समाचाराला जाऊन किती वेळा बोलले असेन. आपल्यावर वेळ आली तेव्हा कळलं की असलं काही होत नाही.

शकीलभाईंचा फोन आला सकाळी. आपल्या बैठकीचा स्पीकर सांभाळणारे शकीलभाई, एरवी फोनवर ओरडून बोलणारे. हळू आवाजात म्हणाले, "बाई, यादगिरीभाई गुजर गये." डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच आलं. पण त्याच्या आधी मनात पहिला विचार कोणता आला, सांगू? आता शनिवारी गाणं संपल्यावर लोकांच्या माना कुणाकडे वळतील? असा आला. लाज वाटली, पण आला तो आलाच.

कारण माना तुमच्याकडे वळायच्या. मी मोजायची. आठ माणसं असली की आठ.

बत्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं. विशारद आहे. राग, ताल, वृत्त, यमक, गाण्यात जे जे म्हणून उलगडून दाखवता येतं ते फळ्यावर उलगडत आले. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारची बैठक मी सुरू केली. दुपारी चारला जमायचं, एकच गाणं तीन-चार वेळा ऐकायचं आणि ते कसं बनलंय, त्याचा अर्थ कुठून येतो, हे समजून घ्यायचं. खोली मी मागितली, सतरंज्या मी आणल्या, माणसं मी गोळा केली. तुम्ही तर वर्तमानपत्र वाचायला आला होतात.

वैशाख होता. पुढच्या खोलीतला पंखा बंद पडला म्हणून तुम्ही पेपर घेऊन आमच्या खोलीत आलात आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसलात. केसांत कापसाची पिंज, खिशाला पेनं, बगलेत ग्राफच्या कागदाची सुरळी. शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींच्या नक्ष्या काढता, हे नंतर कळलं. त्या दिवशी मी एक जुनं भावगीत घेतलं होतं. अर्धा तास राग समजावला, कोमल स्वर कुठे लागतो ते पेटीवर वाजवून दाखवलं. तुम्ही शाळेतल्या मुलासारखा हात वर केलात.

"बाई, एक इचारू का? ही बाई तिसऱ्या ओळीला श्वासच घेत न्हाई. दोन ओळी सलग म्हणती. कशाला बरं?"

चाळीस वर्षं मी ते गाणं ऐकत होते, शिकवत होते. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ती गायकीची पद्धत असते." शकीलभाईंनी पुन्हा लावलं. खरंच ती श्वास घेत नव्हती, शेवटच्या शब्दाला आवाज अगदी दोऱ्याएवढा व्हायचा.

तुम्ही म्हणालात, "तिला सांगायची भीती वाटायलीय. मधी थांबली तर फुडचं सांगायचं ऱ्हाऊन जाईल."

मी कागदावरचे शब्द बघितले. तिसऱ्या ओळीतच ती आपल्या मनातल्या माणसाचं नाव घेते. शकीलभाई म्हणाले, "क्या पकडे भाई!" आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागले. बिचारा माणूस, संकोचून पेपरात डोकं घालून बसलात. माझ्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

पुढच्या शनिवारी पंखा दुरुस्त झालेला होता. तरीही तुम्ही मागच्या खोलीत आलात.

तुम्ही अडाणी असतात, तर मी तुमचं कौतुक केलं असतं. कौतुक करायला मला आवडतं, ते वरून खाली करता येतं. तुम्ही पंडित असतात, तर मी तुमच्या पाया पडले असते. पण तुम्ही धड यातले नव्हतात की त्यातले नव्हतात. स्वरांची नावं तुम्हाला येत नव्हती, त्रितालाला तुम्ही "सोळाचा" म्हणायचात. आणि डावा कान कारखान्यातल्या यंत्रमागांच्या आवाजानं गेलेला, म्हणून उजवा कान पुढे करून ऐकायचात. अर्ध्या कानाच्या माणसानं मला दर शनिवारी हरवायचं? देवानं तरी काय बघून वाटप केलं असेल!

एकदा मी न राहवून विचारलं होतं, "यादगिरी, तुम्हाला हे ऐकू कसं येतं हो?"

"सवय हो बाई, दुसरं काय? शेडमधी चोवीस माग धडाधड चालत असत्यात. त्यातला एक बंद पडला की लगीच कळतं. चालू असलेल्याचं कुणाला काय कळतंय?"

मला वाटलं, विनय दाखवताय. मी हसून सोडून दिलं. माणूस आपल्याला चावी हातात देतो आणि आपण ती शिष्टाचार समजून परत करतो, असं माझं झालं.

तुमचे ते कागद. बैठकीत गाणं चालू असताना तुम्ही मांडीवर ग्राफचा कागद घ्यायचात. एक ओळ म्हणजे एक आडवी रांग, एक मात्रा म्हणजे एक चौकोन. काही चौकोन काळ्या पेनानं भरायचात, बाकीचे कोरे. नंतर त्याची घडी करून खिशात. मी तिरक्या नजरेनं बघायची. शेवटी एक दिवस मीही स्टेशनरीच्या दुकानातून ग्राफची वही आणली. घरी दार लावून घेतलं, गाणं लावलं आणि पेन हातात धरून बसले. एकही चौकोन भरता आला नाही. काय भरायचं तेच ठाऊक नव्हतं. ती वही पुढे वाण्याच्या याद्या लिहून संपवली.

विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं तुम्ही म्हणाल. हो, सांगितलं असतंत. पण विचारायचं म्हणजे बत्तीस वर्षं शिकवलेली बाई तुमच्यासमोर सतरंजीवर येऊन बसणार. ते माझ्यानं होण्यासारखं नव्हतं.

भांडलोही आपण किती! मी म्हणायची, गाण्याचा अर्थ आधी शब्दांत असतो, चाल त्याला सजवते. तुम्ही म्हणायचात, "शब्द काय, कुणीबी वाचतंय की बाई. वाचून कळलं असतं तर गायलं कशाला?" मी चिडायची. बैठकीतल्या मंगलताई मध्ये पडून सगळ्यांना सरबत द्यायच्या. तो वाद अर्धाच राहिला. गेल्या महिन्यात मला त्याच्यावर एक बिनतोड उदाहरण सापडलं होतं, तुम्हाला गप्प करणारं. येत्या शनिवारी सांगू म्हणून ठेवलं होतं. आता ते कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला हरवण्यात मला रस नाही.

आता त्या होटगीच्या गाण्याकडे येते. यायचंच होतं, उगाच इकडेतिकडे फिरत होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या लग्नाला होटगीला गेले होते. तिथं पाठवणीच्या वेळी एक म्हातारी गात होती, मागे चार बायका. मी ते टेपवर घेतलं होतं.

उंबऱ्याशी थांब लेकी, पदर सारखा कर,
मागं वळून बघू नको, पुढं तुझं घर.

दुसऱ्या कडव्यात, वेशीपाशी थांब लेकी, ऊन झालं फार. तिसऱ्यात, वढ्यापाशी थांब लेकी, पाणी पी घोटभर. दुसरी ओळ तिन्हीकडे तीच. बैठकीत मी सांगितलं की रचना साधी आहे, यमक सोपं आहे, ध्रुवपदामुळं ठसा उमटतो वगैरे. तुम्ही उजवा कान पुढे करून म्हणालात, "पर बाई, ह्यात 'जा' असं कुटंच न्हाई की. तीन कडव्यांत तीनदा 'थांब' म्हणतीय."

"अहो, पाठवणीचं गाणं आहे. 'जा' त्यात धरलेलंच आहे."

"धरलेलं हाय व्हय," तुम्ही म्हणालात आणि कागद काढलात. माना वळल्या. मी सरबताचे पेले उचलायला लागले.

पुढच्या शनिवारी निघताना तुम्ही मला चार घड्यांचा कागद दिलात. "होटगीचं गाणं मांडलंय. बघा निवांत. फुडच्या शनिवारी बोलू." तो फुडचा शनिवार आलाच नाही, कारण तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणि त्यानंतरच्या रविवारी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात माझं भाषण होतं, लोकगीतं कशी बनतात यावर.

मी घरी कागद उघडला. तिन्ही कडव्यांत बाकी सगळं कोरं, फक्त एकाच जागी काळे चौकोन होते. 'बघू नको' नंतर. पहिल्या कडव्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. मी टेप लावली. मागच्या बायका 'नको'मधला ओकार हुंकारासारखा धरून ठेवत होत्या, तो कानाशी घोळत होता. मला वाटलं, सापडलं! काळे चौकोन म्हणजे आवाज जिथे ठेवायचा ती जागा. पोर जशी लांब जाते तसा आईचा 'नको' लांबत जातो. बघू नकोऽ, बघू नकोऽऽ, म्हणत ती पोरीला नाही, स्वतःलाच दटावते आहे. मी पेटी घेऊन म्हणून बघितलं. तिसऱ्या कडव्याला मला रडू कोसळलं. तुमचा कागद चुकीचा वाचून मी खरी रडले, यादगिरी.

तुम्हाला एक फोन करता आला असता. डोळ्यावर पट्टी होती तुमच्या, कानावर नव्हती. नाही केला. केला असता तर भाषणात तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी होते.

मोठ्या कार्डशीटवर तो आराखडा मी लाल पेनानं पुन्हा काढला. काळ्यानं काढायचं धाडस झालं नाही. व्यासपीठावर उभी राहून म्हणाले, "मी गाण्यांचा असा आराखडा मांडून बघते." 'मी' म्हणताना जीभ जराही अडखळली नाही. मग गायले. 'नको'वर एक मात्रा, दोन मात्रा, आणि शेवटी चार मात्रा मींड घेऊन थांबले. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. मंगलताई तर पदरात तोंड घालून रडत होत्या. आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मला शेवटच्या रांगेत तुम्ही दिसलात, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, उजवा कान पुढे करून बसलेले. माझा आवाज हलला नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

सगळी गर्दी पांगेपर्यंत तुम्ही थांबलात. मग जवळ येऊन म्हणालात, "आवाज लई सुंदर लागला बाई आज." बस. कागदाबद्दल एक अक्षर नाही.

मी शनिवारची वाट बघत राहिले. तेव्हाही काही बोलला नाहीत. महिना गेला, वर्ष गेलं. वाचनालयानं ते भाषण छोट्या पुस्तिकेत छापलं, त्यात आराखड्याच्या खाली 'लेखिकेने केलेला' असं आलं. त्याची एक प्रत तुम्हीही घेतलीत. चार वर्षं तुम्ही गप्प. मी मनात हजार तर्क केले. याच्या लक्षात आलं नसेल. याला बोलायचं धाडस नसेल. नाहीतर हा घरी बसून मला हसत असेल. शेवटचा तर्क मला खाऊन टाकायचा. खाई त्याला खवखवे. एक मात्र झालं, त्यानंतर तुम्ही मला एकही कागद दिला नाहीत. येत होतात, बोलत होतात, पण कागद खिशातच राहायचा.

तरीही तुमच्यामुळं मला काय मिळालं, ते आज मोकळेपणी सांगते. साठीला पोचेपर्यंत मी गाणं ऐकायचं सोडूनच दिलं होतं. मला फक्त त्याची नावं घेता येत होती. हा अमुक राग, ही अमुक चाल, हा अमुक अलंकार, की संपलं. तुम्ही आल्यावर मी पुन्हा ऐकायला लागले, भले तुमच्यावर मात करायला असो. शनिवारचं गाणं मी आधी घरी दहा-दहा वेळा ऐकून यायची, तुम्ही काय पकडाल ते आधी पकडायला. दोन-तीनदा पकडलंही. तुम्ही तेव्हा मांडीवर थाप मारून "व्हय की!" म्हणालात. त्या दिवशी रिक्षा न करता मी चालत घरी गेले होते.

तेरावा झाल्यावर तुमची मुलगी स्वप्ना आली. आता तीही चादरींच्या नक्ष्या काढते, पण कॉम्प्युटरवर. चादरीच्या काठानं बांधलेला कागदांचा गठ्ठा तिनं माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "बाई, नान्नांची ही गाणी तुम्ही ठेवून घ्या. आणि शनिवारच्या शोकसभेत तुम्हीच बोला, आई म्हणतीय. नान्नांना तुम्हीच ओळखायच्या."

वरचाच कागद होटगीच्या गाण्याचा होता, तुमच्याजवळची प्रत. स्वप्नाला तो ओळखीचा वाटला. हसली, आणि बोट ठेवून म्हणायला लागली. गळा तुमच्यावरच गेलाय तिचा, धड सुरात नाही. "मागं वळून बघू नको," म्हणाली आणि थांबली. एक टिचकी वाजवली. "पुढं तुझं घर." दुसऱ्या कडव्याला थांबली, दोन टिचक्या. तिसऱ्याला चार.

मी म्हटलं, "तू मध्येच थांबतेस का?"

"काळं म्हणजे गप्प की बाई! लहानपणी नान्ना आम्हाला हाच खेळ लावायचे. काळा चौकोन आला की तोंड बंद. चुकलं की डोक्यात टपली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला म्हाईत न्हवतं?"

"माहीत होतं गं," मी म्हटलं. बघा, तेव्हाही खोटंच बोलले.

"नान्ना म्हणायचे, आवाज म्हणजे चादरीची नुसती जमीन. नक्षी गप्प बसण्याची असती. ही म्हातारी तोंडानं 'बघू नको' म्हणतीय, आणि गप्प बसून बघतीय पोरगी वळती का. जेवढी लांब गेली तेवढा जास्त वेळ."

ती गेल्यावर मी टेप लावली. मागच्या बायकांचा हुंकार आहे, पण म्हातारी नाही त्यात. ती खरंच थांबते. चार मात्रा तिचा आवाज कुठेही नाही. वीसेक वर्षं ती टेप माझ्या कपाटात आहे, आणि ती जागा मी माझ्या सुंदर आवाजानं बुजवून टाकली होती. तीही तुमच्यादेखत.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. स्वप्ना उठायला लागली तेव्हा मी धीर करून विचारलं, "माझ्या त्या भाषणानंतर घरी येऊन काय म्हणाले गं ते?" मला तुमचं हसणं ऐकायचं होतं एकदाचं, म्हणजे मग मलाही तुमचा राग करता आला असता.

ती पुन्हा खाली बसली. म्हणाली, "राग मानू नका बाई. नान्नांना तुमचा लई हेवा वाटायचा. त्या दिवशी जेवले पण न्हाईत धड. आईला म्हणाले, मी सगळं बरोबर मांडतो पर मला एक ओळ म्हणता येत न्हाई. बाईंनी उलटं म्हटलं तरी सगळा हॉल रडला. माझं बरोबर ऐकून घरची मांजरपण रडणार न्हाई."

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी? चूक झाली म्हणून?"

"आईनंबी हेच विचारलं. तर म्हणाले, आता सांगितलं तर बाई परत ते गाणं म्हणायच्या न्हाईत."

यादगिरी, तुम्हाला माझा हेवा वाटत होता हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की तुम्ही गेल्याचं दुःख पाच मिनिटं बाजूला राहिलं. गुदगुल्या झाल्या म्हणा ना! माझा गळा, माझं व्यासपीठ, माझी 'बाई' ही पदवी, यातलं काहीतरी तुम्हालाही खुपत होतं तर! आणि मग सहावं मिनिट आलं. मला तुमचा हेवा वाटला तेव्हा मी तुमचा कागद चोरला. तुम्हाला माझा वाटला तेव्हा तुम्ही थांबून माझ्या आवाजाचं कौतुक करून गेलात, आणि घरी जाऊन अर्धपोटी झोपलात. म्हणजे यातही तुम्हीच वरचढ. एवढ्या एका बाबतीत तरी मला बरोबरीनं राहू द्यायचं होतंत.

परवाच्या शनिवारी आपल्याच खोलीत सगळे जमलो. तुमचा फोटो पेटीशेजारी ठेवला होता. स्वप्नाशेजारी तिची आई, पद्मक्का, पुढे बसल्या होत्या. त्यांना मराठी बेताचं, म्हणून स्वप्ना त्यांच्या कानाशी तेलुगूत सांगत होती. मी उभी राहिले. पुस्तिका हातात धरली, सातवं पान उघडलं आणि सांगितलं की हा आराखडा माझा नाही, यादगिरींचा आहे, मी तो न विचारता घेतला, आणि घेतला तोही चुकीचा वाचला. चार वर्षं मी सगळ्यांना चुकीचं गाणं ऐकवलंय, हेही सांगितलं. मंगलताईंकडे बघायचं टाळलं.

मग मी ते गाणं तुमच्या कागदाप्रमाणं म्हटलं. मींड नाही, हरकत नाही. पहिल्या कडव्यात एक मात्रा थांबले, दुसऱ्यात दोन. गाताना थांबणं किती अवघड असतं! माझा गळा आपोआप ती जागा भरायला धावत होता, दातांवर दात ठेवून मी त्याला आवरलं. तिसऱ्या कडव्यात 'बघू नको' म्हणून चार मात्रा गप्प उभी राहिले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि पद्मक्कांनी मान वळवून मागे दाराकडे बघितलं, तुम्ही टेकून बसायचात त्या भिंतीकडे. त्यांना शब्द कळले होते की नाही कोण जाणे. स्वप्नानं तर तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं.

मी 'पुढं तुझं घर' म्हटलं आणि खाली बसले.

मला वाटलं, आता कुणीतरी तुमचं नाव घेईल. शकीलभाई तरी म्हणतील, क्या आदमी था. मंगलताई डोळे पुसत उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, चारचौघांत असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं हो! धन्य आहात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वप्नानंही वाजवल्या. यादगिरी, मी तुमच्या फोटोकडे बोट दाखवायला हवं होतं. मी हात जोडले, मान लववली, आणि त्या टाळ्याही घेतल्या.